रात्रपाळी आणि नायट्रेटची गोळी: स्थिर अंजायनाच्या एका रुग्णाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण ५७ वर्षांच्या एका वॉचमनचं आहे. त्यांना स्थिर अंजायना होता, म्हणजे ठरावीक श्रम झाले की छातीत दुखायचं आणि थांबलं की ओसरायचं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. औषधं, डोस आणि गोळीच्या वेळा मात्र होत्या तशाच ठेवल्या आहेत, कारण सगळा पेच त्या वेळांमध्येच होता.

नोकरी कायमच्या रात्रपाळीची, रात्री दहा ते सकाळी सहा. गेटवर बसून राहायचं काम नव्हतं. दर दोन तासांनी राउंड आणि प्रत्येक राउंडला तीन इमारतींचे जिने. सकाळी सातपर्यंत घरी, आठला झोप, दुपारी तीनला जाग. बारा-तेरा वर्षं हाच क्रम. त्यांच्या शरीराच्या दृष्टीने दिवस दुपारी तीनला उजाडत होता.

वर्षभरापूर्वी जिना चढताना छातीच्या मध्यभागी आवळल्यासारखं होऊ लागलं. दुखणं डाव्या खांद्यापर्यंत जायचं आणि थांबलं की तीन-चार मिनिटांत ओसरायचं. स्ट्रेस टेस्टमध्ये दोष दिसला. अँजिओग्राफीत मुख्य रक्तवाहिन्या बऱ्या होत्या, पण दोन लहान फांद्या बऱ्याच अरुंद झाल्या होत्या. इतक्या बारीक जागी स्टेंट टाकण्यात अर्थ नव्हता. हृदयाचं पंपिंग चांगलं होतं. सिगारेट त्याच आठवड्यात सुटली. अ‍ॅस्पिरिन ७५, अ‍ॅटोर्वास्टॅटिन ४० आणि दीर्घकाळ सुटणारं मेटोप्रोलॉल ५० मिलिग्रॅम सुरू झालं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आधीपासून होतंच, दिवसाला २००० मिलिग्रॅम.

मेटोप्रोलॉलने दुखणं निम्म्यावर आलं, पण थांबलं नाही. आठवड्यातून चार-पाच वेळा जिन्यातच थांबावं लागे. नाडी ५६ वर आलेली असल्याने मेटोप्रोलॉल आणखी वाढवायला वाव नव्हता. अ‍ॅम्लोडिपिन देऊन पाहिलं तर रात्रभर उभं राहून सकाळी पाय इतके सुजत की बूट निघेना, म्हणून ते बंद झालं. आता पुढचं औषध कोणतं, तर दीर्घ परिणामाचं नायट्रेट. इथवरचा क्रम बरोबर होता. युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांतही बीटा ब्लॉकर (मेटोप्रोलॉलसारखी) आणि कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर (अ‍ॅम्लोडिपिनसारखी) औषधं पहिल्या फळीत आहेत, नायट्रेट दुसऱ्या.

नायट्रेट शरीरात नायट्रिक ऑक्साइड देतं आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू सैल पडतात. सर्वांत जास्त सैल होतात त्या शिरा. हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, हृदयावरचा ताण उतरतो आणि त्याची प्राणवायूची गरज घटते. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्याही थोड्या रुंदावतात. नायट्रिक ऑक्साइड हा शरीरातला संदेशवाहक आहे, या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल पारितोषिक मिळालं. मात्र हे औषध दुखणं टाळण्यासाठी आहे, आयुष्य वाढवण्यासाठी नव्हे. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इसिस-४ या चाचणीत हृदयविकाराचा झटका आलेल्या किंवा तसा संशय असलेल्या ५८ हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास झाला. तोंडावाटे महिनाभर मोनोनायट्रेट या प्रकारचं नायट्रेट देऊनही मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय घट झाली नाही. हे रुग्णाला सुरुवातीलाच सांगायला हवं. नाहीतर ‘हृदयाची गोळी’ या नावाखाली तो ती निमूटपणे वर्षानुवर्षं घेत राहतो आणि दुखण्यात फरक पडतोय की नाही, हे कुणी विचारतच नाही.

अडचण

दीर्घकाळ सुटणारं आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट सुरू झालं. पहिला आठवडा ३० मिलिग्रॅम, मग ६०. चिठ्ठीवर लिहिलं होतं १-०-०, म्हणजे सकाळी एक. बहुतेक रुग्णांसाठी हे योग्यच असतं, कारण ते दिवसा हिंडतात-फिरतात आणि रात्री झोपतात.

हे गृहस्थ सकाळी सातला घरी येऊन गोळी घेत आणि झोपत. पहिल्या आठवड्यात डोकं ठणकायचं आणि झोप लागायची नाही. पॅरासिटामॉल घेऊन दिवस काढले, दहाएक दिवसांत डोकेदुखी गेली. जिन्यातलं दुखणं मात्र तसंच राहिलं. गोळीचा सगळा जोर ते झोपेत असताना निघून जायचा. रात्री दोनच्या राउंडला जिना चढेपर्यंत तिला १९ तास झालेले असायचे.

तपासणीत ते एवढंच म्हणाले, ‘काही फरक नाही.’ त्यावर दुसऱ्या एका दवाखान्यात डोस दुप्पट झाला, १-०-१. आता सकाळी सातला ६० आणि रात्री आठला ६०.

पहिल्या दोन-तीन रात्री दुखलं नाही. त्यांनी मुलीला फोन करून सांगितलं की औषध लागू पडलं. मग एका राउंडला दुखलं, पुढच्या रात्री दोनदा, आणि दुसऱ्या आठवड्याअखेर सगळं पहिल्यासारखं झालं. खरं तर जास्तच वाईट. पूर्वी दुखलं की जिभेखाली ठेवायच्या नायट्रेटच्या गोळीने दोन मिनिटांत आराम पडायचा, आता एकीने भागत नव्हतं. मुलगा घाबरला. ब्लॉकेज वाढलं, असं त्याने मनाशी धरलं. ‘डॉक्टर, बाबांची परत अँजिओग्राफी करू या, उगाच वेळ घालवायला नको,’ असं म्हणतच तो त्यांना माझ्याकडे घेऊन आला.

आधी काय वगळलं

मुलाची भीती अनाठायी नव्हती. स्थिर अंजायनाच्या रुग्णाचं दुखणं वाढलं, तर आधी हृदयाचा विचार करायचा आणि मग औषधाच्या वेळांचा. हा क्रम उलटा करणं जिवावर बेतू शकतं.

म्हणून पहिले प्रश्न हे होते: बसल्याजागी दुखतं का? झोपेतून दुखण्याने जाग येते का? पूर्वीपेक्षा कमी श्रमात दुखतं का? दुखणं जास्त वेळ टिकतं का? चारही उत्तरं ‘नाही’ अशी आली. दुसऱ्या मजल्याचा जिना संपताना दुखायचं, पूर्वीही तिथेच दुखायचं. ईसीजी जुन्या ईसीजीसारखाच होता. हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे सांगणाऱ्या ट्रोपोनिनची काही तासांच्या अंतराने केलेली दोन्ही मापं सामान्य आली. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड ठीक होतं. रक्तक्षय किंवा वाढलेला थायरॉइड यांनीही अंजायना भडकतो, म्हणून ते पाहणं आवश्यक होतं. हृदयाचे ठोके ऐकताना कुरकुर नव्हती. जुन्या इकोत महाधमनीची झडप मोकळी होती. ही झडप फार अरुंद असेल तर नायट्रेटने रक्तदाब धोकादायक रीतीने घसरू शकतो. रक्तदाब झोपून ११८/७४ आणि उभं राहून ११०/७०.

यानंतरच मी विचारलं, ‘काका, दुखतं ते किती वाजता?’

त्यांनी खिशातून एक छोटी वही काढली. ड्युटीच्या रजिस्टरमध्ये राउंडची वेळ नोंदवायची सवय असल्याने त्यांनी दुखण्याच्याही वेळा टिपून ठेवल्या होत्या. आजवर कुणी ती वही मागितली नव्हती. मी ती शेवटपर्यंत वाचली. निदान त्या वहीतच होतं. सकाळच्या एका गोळीच्या काळात जवळपास सगळ्या नोंदी रात्री बारा ते पहाटे सहामधल्या होत्या. दोन गोळ्या सुरू झाल्यावर तीन रात्री कोऱ्या गेल्या होत्या. त्यानंतर नोंदी परतल्या होत्या आणि या वेळी दुपारी-संध्याकाळीही होत्या.

म्हणजे एकापाठोपाठ एक दोन वेगवेगळे पेच पडले होते. पहिल्या टप्प्यात औषध काम करत होतं, पण चुकीच्या वेळी. दुसऱ्या टप्प्यात ते चोवीस तास अंगात होतं, म्हणूनच काम करत नव्हतं.

दुसऱ्या पेचाला नायट्रेटची सहनशीलता म्हणतात. सतत चालणाऱ्या पंख्याचा आवाज जसा काही वेळाने कानाला जाणवेनासा होतो, तशा रक्तवाहिन्या सततच्या नायट्रेटला दाद देईनाशा होतात. यासाठी महिने लागत नाहीत, एक-दोन दिवसांतच सुरुवात होते. नायट्रेटपासून नायट्रिक ऑक्साइड मोकळं करणारी यंत्रणा थकणं, भिंतीत घातक ऑक्सिजन कणांचं प्रमाण वाढणं, आकसवणारी संप्रेरकं वर येणं अशी अनेक कारणं त्यात गुंतलेली आहेत. जिभेखालच्या गोळीचाही परिणाम यामुळे बोथट होतो, आणि यांच्याबाबतीत नेमकं तेच झालं होतं.

हे दवाखान्यांच्याही आधी कारखान्यांना ठाऊक होतं. नायट्रोग्लिसरिन हाताळणाऱ्या डायनामाइट कामगारांचं डोकं सोमवारी भयंकर दुखे, आठवडा सरता सरता थांबे, आणि रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी पुन्हा दुखे. सुट्टीत शरीर सवय विसरायचं. काही कामगारांना सुट्टीच्याच दिवशी छातीत दुखायचं, कारण सवयीचं नायट्रेट एकाएकी तुटायचं. या रुग्णाच्या उपचारात पुढे या दोन्ही गोष्टींची काळजी घ्यावी लागली.

उपाय जुना आणि साधा आहे: रोज काही तास रक्तात नायट्रेट जवळपास नसू द्यायचं. साधारण १० ते १४ तास. साध्या मोनोनायट्रेटच्या दोन गोळ्या सात तासांच्या अंतराने, म्हणजे सकाळी आठ आणि दुपारी तीन अशा देतात, बारा तासांच्या अंतराने नाही, ते याचसाठी. त्वचेवरचा पॅच रात्री काढून ठेवायला सांगतात, तेही याचसाठी.

कोणते पर्याय होते

नायट्रेट वाढवण्याचा पर्याय लगेच बाद झाला. तिसरी गोळी दिली असती तर उरलीसुरली फटही बुजली असती.

पुन्हा अँजिओग्राफी करावी का, यावर बराच वेळ बोलणं झालं. इस्किमिया ही मोठी चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. स्थिर आजार असलेल्या रुग्णांत आधी अँजिओग्राफी आणि शक्य तिथे स्टेंट किंवा बायपास, विरुद्ध आधी औषधं, अशी तुलना तिच्यात होती. मृत्यू आणि झटके यांत पहिल्या गटाला ठोस फायदा दिसला नाही. मात्र ज्यांना वारंवार दुखायचं, त्यांना दुखण्यापासून जास्त आराम मिळाला. म्हणजे मुलाचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं. पण यांच्या मुख्य वाहिन्या वर्षापूर्वी मोकळ्या होत्या, दुखण्याचा नमुना अस्थिर नव्हता, आणि औषध एकदाही नीट वेळेवर दिलं गेलेलं नव्हतं. नीट न दिलेलं औषध अपयशी ठरलं असं म्हणता येत नाही, हा माझा मुद्दा होता. अटी कागदावर लिहून दिल्या: बसून दुखलं, कमी श्रमात दुखू लागलं, दुखणं लांबलं किंवा सहा आठवड्यांत वहीत फरक दिसला नाही, तर अँजिओग्राफी. मुलाने कागदाचा फोटो काढून घेतला. त्यानंतर तो शांत झाल्याचं दिसलं.

रॅनोलाझिन हे अंजायनाचं आणखी एक औषध खरा स्पर्धक होतं. त्याने नाडी किंवा रक्तदाब फारसा उतरत नाही, म्हणून यांना ते सोसलं असतं. अडचण दोन ठिकाणी होती. ईसीजीतला क्यूटी हा कालावधी त्याने लांबतो, त्यावर लक्ष ठेवावं लागतं. आणि पूर्ण डोससोबत मेटफॉर्मिन दिवसाला १७०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ द्यायचं नसतं, म्हणजे साखरेचं गणित पुन्हा मांडावं लागलं असतं. ते पुढची पायरी म्हणून राखून ठेवलं. आयव्हाब्रॅडिन नाडी कमी करतं, ५६ च्या नाडीला त्याचा उपयोग नाही. मेटोप्रोलॉलसोबत डिल्टियाझेम दिलं तर हृदयाची गती धोक्याइतकी मंदावू शकते.

दिवसपाळी मागून घ्यायची, हाही पर्याय होता. मालक तयार झाले असते. पण रात्रपाळीचा भत्ता गेला असता आणि त्यावर घरात काही ठरलेले खर्च होते. गोळीसाठी त्यांनी नोकरी बदलण्याआधी त्यांच्या नोकरीप्रमाणे गोळीची वेळ बदलून पाहावी, असं मला वाटलं आणि त्यांनाही ते पटलं.

वेळ बदलायला नवं औषध लागत नव्हतं. दोन आठवड्यांत उत्तर मिळणार होतं, आणि अंदाज चुकला असता तरी परतीचा रस्ता मोकळा होता.

काय केलं

सकाळची गोळी एकदम बंद केली नाही. नायट्रेट अचानक तुटलं तर दुखणं उसळू शकतं. म्हणून चार दिवस सकाळी ६० ऐवजी ३० दिलं, मग थांबवलं. दीर्घकाळ सुटणारी गोळी खाचेवर अर्धी करता येत असेल तरच करावी, चावू किंवा कुटू कधीच नये. नाहीतर दिवसभराचं औषध एका तासात रक्तात उतरतं. या दिवसांत जिने नकोत म्हणून गेटवरच्या बैठ्या कामाची चिठ्ठी दिली.

संध्याकाळची ६० ची गोळी ठेवली आणि तिची वेळ रात्री आठवरून सातवर आणली. या गोळीची रक्तातली पातळी तीन-चार तासांत सर्वांत वर जाते, म्हणजे रात्री दहा-अकराला, पहिल्या राउंडच्या सुमारास. सकाळी सातनंतर ती उतरते आणि ते झोपलेले असताना नायट्रेट नसलेले तास मिळतात. मेटोप्रोलॉलला हात लावला नाही. ते चोवीस तास पुरतं आणि नायट्रेट नसलेल्या तासांत हृदयाला तेच सांभाळणार होतं. चिठ्ठीवर १-०-१ सारखं काही न लिहिता ‘संध्याकाळी ७ वाजता, झोपून उठल्यावर, दर दिवशी, सुट्टीच्या दिवशीही’ असं अक्षरात लिहिलं.

डोकेदुखी परत येईल, हेही आधीच सांगून ठेवलं. ती आली तर घाबरून गोळी सोडू नये, पॅरासिटामॉल घ्यावं, काही दिवसांत जाईल. जिभेखालची गोळी उभ्याने घ्यायची नाही, जिन्याच्या पायरीवर बसून घ्यायची, कारण चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. बसूनही पाच मिनिटांत दुखणं उतरलं नाही किंवा वाढत गेलं, तर राउंड सोडायचा आणि थेट रुग्णवाहिका बोलवायची.

मग मुलाला बाहेर बसायला सांगून मी त्यांच्याशी एकट्याने बोललो. ‘लैंगिक ताकदीची एखादी गोळी कधी घेता का?’ ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘घेतलेली नाही डॉक्टरसाहेब, पण आणून ठेवलीय. तुम्ही आत्ता म्हणालात ना, दिवसा औषध अंगात नसतं? मग दिवसा घेतली तर चालेल का?’

औषध नसलेले तास समजावून सांगताना रुग्ण त्याचा असाही अर्थ काढू शकतो, हे प्रत्येक डॉक्टरने ध्यानात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. त्यांचा तर्क चुकीचा नव्हता, पण त्या तर्काने जीव जाऊ शकला असता. त्यांच्याकडे टाडालाफिल होतं. त्याचा परिणाम दीड दिवसाच्या आसपास टिकतो. ते घेतल्यावर ४८ तास कोणतंही नायट्रेट देता येत नाही, सिल्डेनाफिल असेल तर २४ तास. नायट्रेट आणि ही औषधं एकाच रासायनिक मार्गाने रक्तवाहिन्या सैल करतात आणि एकत्र आली तर रक्तदाब कोसळतो. दिवसा गोळी घेतली तरी संध्याकाळी सातला नायट्रेट येणारच. रोज नायट्रेट घेणाऱ्याला ही औषधं कोणत्याच तासाला चालत नाहीत. ती गोळी त्यांनी माझ्यासमोर फेकून दिली. प्रश्न मात्र खरा होता. यावर नंतर वेगळा विचार करू, असा शब्द मी दिला आणि तो कागदपत्रांत लिहून ठेवला.

निकाल

पहिल्या आठवड्यात डोकं चार दिवस दुखलं. मला हे चांगलं लक्षण वाटलं, रक्तवाहिन्या पुन्हा दाद देऊ लागल्या होत्या. जिने सुरू झाल्यावरच्या दोन आठवड्यांत वहीतल्या बारा आणि दोनच्या राउंडच्या नोंदी जवळजवळ थांबल्या. जिभेखालची एक गोळी पुन्हा पुरू लागली.

पहाटे चार आणि साडेपाचच्या नोंदी मात्र टिकून राहिल्या. गोळीला तेव्हा नऊ-दहा तास झालेले असायचे. याचं आश्चर्य वाटलं नाही. या प्रकारच्या मोनोनायट्रेटच्या व्यायाम-चाचण्यांत सहा आठवड्यांच्या नियमित वापरानंतर रोज एकदा १२० मिलिग्रॅमचा परिणाम बारा तासांनीही टिकून होता. ३० आणि ६० चा परिणाम मात्र नकली गोळीपासून वेगळा ओळखू येईनासा झाला होता. उभ्याने रक्तदाब ठीक आहे हे पाहून संध्याकाळची गोळी आधी ९० आणि मग १२० केली.

म्हणजे दिवसाचा एकूण डोस पुन्हा १२० वर आला, माझ्याकडे आले तेव्हा होता तेवढाच. तेव्हा तो दोन भागांत, बारा-तेरा तासांच्या अंतराने जायचा आणि काहीच देत नव्हता. आता तो एकाच वेळी जात होता. सहा आठवड्यांच्या शेवटी वहीत आठवड्याला एखादी नोंद उरली. रक्तदाब झोपून ११२/७०, उभं राहून १०४/६८, चक्कर नाही. अँजिओग्राफीची अट लागू झाली नाही.

पूर्ण समाधान झालं असं म्हणणार नाही. संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान, गोळीच्या आधीच्या दोन तासांत, त्यांना अधूनमधून दुखू लागलं. सकाळी एकच गोळी होती तेव्हा त्या वेळी सहसा दुखत नव्हतं. नायट्रेट नसलेल्या तासांच्या शेवटी हृदय जरा उघडं पडतं, हे माहीत असलेलं आहे. गोळी आणखी लवकर दिली असती तर पहाटेचे राउंड उघडे पडले असते. म्हणून वेळ तीच ठेवली, श्रमाची कामं सातनंतर ढकलली. संध्याकाळी जिना चढायचाच असेल तर आधी बसून जिभेखाली गोळी घ्यायला सांगितलं. यावर ते समाधानी आहेत, मी थोडा कमी.

काही महिन्यांनी एका सहकाऱ्याच्या जागी दोन आठवडे दिवसपाळी करावी लागली. त्यांनी आधी फोन केला, हे फार बरं केलं. रविवारी संध्याकाळी सातची गोळी घेऊन सोमवारी सकाळी सातला पुढची घेतली असती, तर मधली फट गेली असती. मंगळवार सकाळपर्यंत थांबले असते तर दोन गोळ्यांत ३६ तासांचं अंतर पडलं असतं. सोमवारी सुट्टी घ्यायला लावून दुपारी बाराला ६० आणि मंगळवारी सकाळी सातला नेहमीची १२० अशी वेळ सरकवली. परतताना तेच उलट्या दिशेने. दोन्ही वेळा वहीत नोंद नाही. अशी हलवाहलव रुग्णाने स्वतःच्या मनाने करू नये. नाडी, रक्तदाब आणि बाकीची औषधं पाहिल्याशिवाय हे आकडे दुसऱ्या कुणाला लागू पडत नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

गोळी सुरू करतानाच ‘तुमचा दिवस कधी सुरू होतो आणि दुखतं ते कधी?’ असं विचारलं असतं, तर कित्येक महिने वाचले असते. नायट्रेटच्या बाबतीत या प्रश्नाचं वजन डोसाइतकंच आहे. परिचारिका, ड्रायव्हर, कारखान्यातले कामगार, बेकरीतले कामगार, रात्री जागणारे असे खूप लोक आहेत, आणि १-०-० या चिठ्ठीत त्यांची सकाळ कुठे बसते हे कुणीच विचारत नाही.

‘फरक नाही’ या उत्तरावर डोस वाढवला गेला, तो दुसरा वळणबिंदू. त्या जागी असलेल्या डॉक्टरांचा हेतू चांगलाच होता आणि वेळ कमी होता, हे मी समजू शकतो. तरी आराम मुळीच पडला नाही, की पडून गेला, हे विचारायला दहा सेकंद लागतात. मुळीच पडला नसेल तर वेळ किंवा निदान तपासायचं. पडून गेला असेल तर सहनशीलतेचा संशय घ्यायचा. दोन्हींवरचे उपाय उलट्या दिशांना जातात. दोन गोळ्यांनंतरचा तीन रात्रींचा आराम हा सर्वांत बोलका पुरावा होता आणि तो घरच्यांना माहीत होता.

अँजिओग्राफी पुढे ढकलण्याबद्दल माझं मत आजही तेच आहे, पण ट्रोपोनिन आणि ईसीजी हाताशी नसते तर मी ती ढकलली नसती. लेखी अटींशिवायही नाही.

लैंगिक आरोग्याचा प्रश्न नायट्रेट सुरू करण्याआधी यायला हवा होता, कारण तो औषधाची निवडच बदलू शकतो. तेव्हाच कळलं असतं तर रॅनोलाझिनला मी अधिक वजन दिलं असतं. वर्षभराने ते पत्नीसह आले आणि दोघांनी मिळून तो विषय काढला. आता ठरलं आहे ते असं: मेटफॉर्मिन कमी करून साखरेसाठी दुसरं औषध जोडायचं, क्यूटी मोजून रॅनोलाझिन सुरू करायचं, आणि वहीतल्या नोंदी वाढल्या नाहीत तर नायट्रेट काही आठवड्यांत पायरीपायरीने उतरवायचं. ते पूर्ण बंद झालं, जिभेखालच्या गोळीची गरज उरली नाही आणि स्ट्रेस टेस्ट समाधानकारक आली, तरच टाडालाफिलसारख्या औषधाचा विचार. रॅनोलाझिनची पहिली मात्रा मागच्या आठवड्यात सुरू झाली.